सरळ बांध्यासाठी कपडे निवडताना आणि शिवून घेताना या चुका टाळा

खांदे, कंबर आणि नितंब यांची रुंदी जवळजवळ सारखी असलेल्या शरीराला सरळ बांधा म्हणतात. अशा बांध्याच्या स्त्रियांची तक्रार बहुधा एकच असते. कपडा खांद्यात बसतो, छातीत बसतो, नितंबांवरही बसतो, आणि तरीही अंगावर तो खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. माझा बांधा असाच आहे आणि कित्येक वर्षे मी या तक्रारीवर चुकीचेच उपाय करत आले. त्यांतले बहुतेक उपाय कंबर आवळण्याचे होते. कंबर उठून दिसते ती तिच्या वरच्या आणि खालच्या कापडामुळे, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घडतात.

पहिली चूक मापाची आहे. सरळ बांधा म्हणजे सडपातळ बांधा असा समज रूढ आहे, परंतु वजन वाढल्यानंतरही बांधा सरळच राहू शकतो, कारण येथे प्रश्न जाडीचा नसून तीन मापांच्या परस्परसंबंधाचा आहे. छाती आणि नितंब यांची मापे एकमेकांच्या जवळ असतील आणि कंबर त्यांच्यापेक्षा सात-आठ इंचांहून अधिक लहान नसेल, तर बांधा ढोबळमानाने सरळ समजावा. कंबर नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी पोटाभोवती इलॅस्टिकची पट्टी बांधावी आणि दोन्ही कुशींवर चार-पाच वेळा वाकावे. पट्टी सरकत जाऊन जेथे स्थिरावते ती खरी कंबर. सरळ बांध्यात ती आरशात चटकन दिसत नाही, त्यामुळे अनेक जणी सलवारीची नाडी जेथे बांधतात त्याच जागेला कंबर समजतात आणि शिंप्याला चार बोटे खालचे माप देतात. पुढे फिटिंग बिघडले की दोष शिंप्यावर येतो, पण चूक टेप धरतानाच झालेली असते.

आवळलेला पट्टा

सैल ड्रेसवर किंवा लांब कुर्त्यावर रुंद पट्टा आवळला की कंबर तयार होईल, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. पट्ट्याच्या वर आणि खाली कापडाचे फुगे येतात, पोटावर आडव्या सुरकुत्या पडतात आणि आजवर नजरेत न येणारी सरळ रेषा नेमकी त्याच जागी उठून दिसते. डोळा इंच मोजत नाही, तो शेजारच्या गोष्टींशी तुलना करतो. १९४७ मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियान दिओर यांनी पॅरिसमध्ये मांडलेल्या पोशाखांत कंबर घट्ट बांधलेली होतीच, पण जॅकेटच्या खालच्या भागात नितंबांवर आतून भर घातलेली होती आणि घागऱ्याचा घेरही मोठा होता. तो घेर काढून घेतला असता तर कंबर तेवढी नाजूक दिसली नसती. पट्टा वापरायचाच असेल तर तो अरुंद आणि कपड्याच्याच रंगाचा असावा, सैलसर बांधावा आणि ज्या कपड्याला खाली घेर आहे अशाच कपड्यावर बांधावा.

कुर्ता

गुडघ्याखाली जाणारा सरळ कापाचा कुर्ता आणि त्याखाली त्याच रंगाची सरळ पँट ही जोडी आज रोजच्या वापरात फार आहे. सरळ बांध्यावर ती खांबासारखी उभी रेष तयार करते. ज्यांना ती रेष आवडते त्यांनी ती अवश्य ठेवावी. उंची आणि सुटसुटीतपणा यांचा फार डौलदार परिणाम त्यातून साधता येतो. मात्र आकार हवा असताना हीच जोडी घ्यायची आणि मग बाजूच्या शिवणी आत घ्यायला लावायच्या, हा मार्ग चुकीचा आहे.

माझ्या एका हातमागाच्या सुती कुर्त्यावर मी हेच करून घेतले होते. दोन्ही बाजूंनी एकेक इंच आत घेतल्यावर कुर्ता छातीत ओढू लागला, बाजूचे कट चालताना फाकू लागले, आणि पाठीमागून मात्र तो पूर्वीइतकाच सपाट राहिला. नंतर दुसऱ्या एका अनुभवी शिंप्याने त्या शिवणी उसवल्या, मला उलटा कुर्ता घालून उभे केले आणि पाठीवर टाचण्या लावून दोन उभे टक्स, म्हणजे कापड दुमडून घातलेल्या निमुळत्या शिवणी, आखले. प्रत्येक टक्स खांद्याच्या फऱ्याच्या खाली नुसत्या टोकापासून सुरू झाला, कंबरेवर अर्धा इंच खोल गेला आणि कंबरेखाली चार इंचांवर पुन्हा टोकात संपला. अर्धा इंच खोलीच्या टक्समध्ये दुमडीमुळे एक इंच कापड जाते, म्हणून दोन टक्स मिळून कंबरेतून दोन इंच कमी झाले आणि छाती व नितंब यांची मापे जशीच्या तशी राहिली. बाजूच्या शिवणी तिन्ही मापे एकदम घटवतात आणि बांध्याचा सरळपणा तसाच ठेवतात. टक्स फक्त मधले माप घटवतात. त्या कुर्त्याने मला जे शिकवले ते आरशासमोर घालवलेल्या तासांनी शिकवले नव्हते.

बाजूचा कट कोठून सुरू होतो याकडेही फार थोड्या जणींचे लक्ष असते. तो नितंबांच्या खाली सुरू झाला तर कुर्त्याचे कापड तेथे बंदिस्त राहते आणि वरपासून खालपर्यंत नळी तयार होते. तो दोन-तीन इंच वर घेतला की चालताना पुढचा आणि मागचा पल्ला मोकळा होतो आणि खालच्या भागाला हालचाल मिळते. फार वर घेतला तर सलवारीचा नेफा दिसतो, म्हणून आधी टाचणीने खूण करून, चालून आणि बसून पाहावे.

अनारकलीमध्ये घेर कळ्यांचा आहे की चुण्यांचा, हे पाहणे महत्त्वाचे आहे. चुण्या असतील तर सगळे कापड कंबरेवरच गोळा होते आणि नेमकी तीच जागा जाड दिसते. कळ्या वरच्या टोकाला अरुंद आणि खाली रुंद असल्यामुळे कंबर सपाट राहते व घेर खाली उघडतो. जोडाची शिवण छातीच्या लगेच खाली किंवा खऱ्या कंबरेवर असावी. दोन्हींच्या मध्ये किंवा कंबरेखाली अडकलेली शिवण धड लांब आणि चपटे दाखवते. अंगरखा पद्धतीचा कुर्ता, ज्यात एक पल्ला दुसऱ्यावर तिरपा येऊन कुशीला बंदाने बांधला जातो, तो या बांध्याला मला सर्वांत अनुकूल वाटतो, कारण त्याची तिरपी रेष सरळपणा मोडते आणि बंद आपल्या कंबरेच्या उंचीनुसार लावून घेता येतो.

साडी

साडीत मुख्य चूक परकराची असते. अंगाला चिकटणारा, मासोळीच्या आकाराचा तयार परकर आता सर्रास वापरला जातो. ज्यांच्या नितंबांना मुळात गोलाई आहे त्यांना तो शोभतो. सरळ बांध्यावर तो होता तेवढा घेरही काढून घेतो आणि साडी खाली नळीसारखी उतरते. आपल्याला कळ्यांचा परकर हवा. त्याची नाडी बेंबीच्या पातळीवर किंवा किंचित वर बांधावी, म्हणजे निऱ्या कंबरेपासून उघडतात.

दुसरी चूक पदराची. मोकळा सोडलेला रुंद पदर छातीपासून मांडीपर्यंत एकच पडदा तयार करतो आणि त्यामागे कंबर झाकून जाते. पदराच्या निऱ्या चार-पाच बोटे रुंदीच्या घालून खांद्यावर पिन केल्या की उजव्या कुशीकडून डाव्या खांद्याकडे जाणारी तिरपी रेष स्पष्ट होते आणि कंबरेची एक बाजू मोकळी राहते. काठ रुंद असेल तर तो पदराच्या कडेने येऊन हे काम आणखी चांगले करतो. ऑर्गंझा, टसर किंवा भारी रेशीम यांसारखी अंगापासून किंचित दूर राहणारी कापडे आकार देतात. शिफॉन आणि जॉर्जेट अंगाचा आहे तोच आकार सांगतात, म्हणून त्या साड्यांसाठी ब्लाऊजकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

नऊवारीविषयी येथे मुद्दाम लिहिते. सुमारे सव्वाआठ मीटर कापड कंबरेवर गाठीने आवळून काष्टा मागे खोचला की कंबर घट्ट आणि तिच्याखाली भरपूर कापड, अशी रचना आपोआप होते. सरळ बांध्याच्या मुली सणासमारंभाला नऊवारी टाळताना मी पाहिल्या आहेत, आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण त्यांच्याच अंगावर ती विशेष खुलते.

ब्लाऊजच्या बाहीतही एक बारीक खोच आहे. हात सरळ सोडला की कोपर कंबरेच्या आसपास येते. म्हणून कोपरापाशी फुगणारी किंवा रुंद काठाने संपणारी बाही कंबरेच्या दोन्ही बाजूंना रुंदी देते, म्हणजे नको तेथेच. फुगा खांद्यावर असावा किंवा बाही दंडाच्या मध्यावर संपावी. चौकोनी अथवा खांद्यांकडे पसरट गळाही वरच्या भागाला रुंदी देतो.

पाश्चात्य कपडे

येथे दोन टोकांच्या चुका होतात. एकीकडे चौकोनी, नितंबांपर्यंत येणारे जाकीट आणि त्याखाली घट्ट जीन्स, म्हणजे पेटीखाली दोन काठ्या. जाकीट कंबरेवर एकाच बटणाने मिटणारे आणि तेथून खाली किंचित उघडणारे असावे, किंवा कंबरेवरच संपणारे असावे. दुसरीकडे कमी उंचीची, नितंबांवर अडकणारी जीन्स, जी धड लांबवते. कंबरेपर्यंत येणारी, पुढे प्लीट असलेली आणि पायात मोकळी पँट व तिच्यात खोचलेला शर्ट ही जोडी बहुतेक वेळा कामाला येते. एका बाजूवर दुसरी बाजू ओढून बांधायचा रॅप ड्रेस या बांध्याला अंगरख्यासारखाच मानवतो.

आडव्या रेघांना मात्र विनाकारण घाबरले जाते. आडव्या रेघांचा चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद भासतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे. सरळ बांध्याला खरी अडचण होते ती खांद्यापासून घोट्यापर्यंत अखंड जाणाऱ्या उभ्या रेघांची. तेच कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपे, कापून शिवले, तर रेघा तिरप्या पडतात आणि कापडाला नैसर्गिक लवचीकपणाही येतो. कापड मात्र थोडे जास्त लागते.

कपडा शिवायला टाकताना बाजूच्या शिवणींत प्रत्येकी एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवायला सांगावे आणि पहिल्या फिटिंगच्या वेळी टक्स पक्के शिवू न देता कच्चे घालून घ्यावेत. मग खुर्चीवर बसून पाहावे. बसल्यावर कंबरेचे माप वाढते. पोटावर आडवी सुरकुती आली किंवा टक्सच्या टोकाशी कापड ताणले, तर प्रत्येक टक्स दोन सूत, म्हणजे पाव इंच, सोडून पुन्हा टाके घालावेत.