लघवीची जळजळ: आधी नमुना, मग गोळी

उन्हाळी लागली म्हणत घरात धणे-जिऱ्याचं पाणी भिजत पडतं आणि मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप येते. पाणी खुशाल प्या. गोळी मात्र थांबवा.

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. तीन गोळ्यांनी जळजळ थांबते, उरलेल्या डब्यात जातात. पंधरा दिवसांनी त्रास परत, पुन्हा त्याच गोळ्या. यावेळी उतार पडत नाही, थंडी वाजून ताप येतो. मग कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, लघवी जाते आणि रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’, काहीच वाढलं नाही. जंतू शरीरात असतातच. पण लघवीत उतरलेलं औषध त्यांना लॅबच्या प्लेटवर वाढू देत नाही. कोणतं औषध लागू पडेल हे आता कळणार कसं?

पहिल्यांदाच झालेल्या साध्या जळजळीला डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात. पण त्रास वारंवार होत असेल, गरोदरपण, मधुमेह किंवा ताप असेल, रुग्ण पुरुष असेल, तर पहिल्या गोळीआधी नमुना द्याच. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागले तरी नमुना दिल्यावर औषध लगेच सुरू करता येतं. त्यामुळे ‘थांबायला वेळ नव्हता’ हे कारण पटत नाही.

नमुना घेतानाही घाई नडते. हात आणि जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या. घरची धुतलेली बाटली नको. डबी दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. उबेत ई. कोलाय हे जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात आणि रिपोर्टातला जंतूंचा आकडा खोटाच फुगतो.

जळजळीवरचं सिरप लघवीची आम्लता कमी करतं, जंतू मारत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन ही जंतू मारणारी गोळी चालू असेल तर हे सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आम्लता घटली की त्या गोळीचा जोर कमी होतो.

त्रास काहीच नाही, पण रिपोर्टात जंतू आहेत? गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असे मोजके प्रसंग सोडले तर सहसा औषध लागत नाही.

योनीमार्ग साबणाने आतून धुऊ नका. तिथले उपयोगी जंतू जातात. शौचानंतर पुढून मागे पुसा, स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, मागचे जंतू सहज आत पोचतात.

एसटीच्या प्रवासात स्वच्छतागृह घाण म्हणून पाणीच न पिणं समजू शकतं, पण ते महागात पडतं. कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर त्रास जवळपास निम्म्यावर आला, असं 2018 च्या एका अभ्यासात दिसलं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ताप, कुशीत दुखणं, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.