सातबाऱ्यावर बाईचे नाव लावून घेताना

मराठवाड्यात सोयाबीनची खुरपणी आणि कापसाची वेचणी बायांच्याच हातची असते. मात्र त्या शेताच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव क्वचितच सापडते. पीककर्ज असो, पीकविमा असो की अतिवृष्टीची भरपाई, उताऱ्यावर नाव नसले की अडते. म्हणून घरातील खातेदार पुरुष वारल्यावर वारसनोंद लांबणीवर टाकू नये. तीन महिन्यांत वर्दी, म्हणजे वारसाहक्काची माहिती, द्यावी असे कायदा सांगतो. मुदत उलटली तरी हक्क बुडत नाही.

अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करावा आणि सोबत मृत्यूचा दाखला, आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, व वारसांचे शपथपत्र जोडावे. खरी मेख या शपथपत्रात असते. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखा वाटा मिळतो. तरीही कागदावर मुलग्यांचीच नावे लिहिली जातात, किंवा थोरल्याचे नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लावून बाकीच्यांना वगळले जाते. त्यामुळे शपथपत्र दुसऱ्याकडून ऐकून न घेता स्वतः वाचावे. लग्न झालेल्या मुलीही वारसच आहेत. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतःच हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली देशभर लागू झाली, आणि त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

फेरफाराची, म्हणजे उताऱ्यावरील नावांच्या बदलाची, नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. नाव सुटले असल्यास हरकत लेखी द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय विरुद्ध गेल्यास साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

सर्वांत नाजूक प्रसंग घरातच येतो. पंचमीला माहेरी आलेल्या बहिणीची साडी-चोळी देऊन ओटी भरली जाते आणि जेवणे उरकल्यावर तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद सरकवला जातो. सही केली नाही तर माहेर तुटेल, हे कोणी बोलून दाखवत नाही. अशा वेळी 'घरी नेऊन वाचते' एवढेच म्हणावे. कोऱ्या कागदावर तर सही करूच नये. जमिनीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. नुसत्या नोटरीच्या कागदाने वाटा जात नाही, पण पुढे तोच कागद भांडणात पुढे केला जातो.

नवरा हयात असेल आणि राजी असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली त्याच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. नोंद प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून नावाचे स्पेलिंग आणि क्षेत्र तिथेच तपासून घ्यावे.