आर की एस? आधी रेणू हातात घ्या

ठाण्याला नौपाड्यात मी बारावीच्या मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. काही रेणूंची हुबेहूब आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात, त्यांना आर आणि एस म्हणतात. वहीवरची जाड रेघ (आपल्याकडे येणारा बंध), तुटक रेघ (मागे जाणारा बंध) बघून आर-एस ठरवायला मी पहिल्या दिवशी कुणालाच सांगत नाही. आधी टूथपिक आणि रंगीत क्ले आणायला लावते.

दह्यातलं लॅक्टिक आम्ल घ्या. काळी गोळी म्हणजे मधला कार्बन. तिला चार टूथपिक अशा खोचा की तीन टेबलावर टेकतील आणि चौथी सरळ वर उभी राहील. टोकांना लाल म्हणजे ओएच, निळा सीओओएच, हिरवा सीएच-थ्री, पांढरा हायड्रोजन. आता तस्संच दुसरं मॉडेल करा, पण त्यात कुठलेही दोन रंग आपसांत बदला. ही दोन मॉडेल्स कशीही फिरवा, चारही रंग एकावर एक बसणार नाहीत. बसवून बघाच, निदान पाच मिनिटं झटापट करा.

मग आर कोणतं नि एस कोणतं हे ठरवायला चार गटांचा क्रम लावायचा. कार्बनला थेट चिकटलेला अणू बघा: ज्याचा अणुक्रमांक मोठा, तो वरचा. म्हणून ओएच पहिला, हायड्रोजन शेवटचा. निळ्या-हिरव्यात दोन्हीकडे कार्बनच, तेव्हा एक पाऊल पुढे जा. सीओओएचच्या कार्बनवर ऑक्सिजन आहेत (दुहेरी बंधाचा ऑक्सिजन दोनदा मोजायचा), सीएच-थ्रीवर नुसते हायड्रोजन. निळा जिंकला. इथे मुलं अख्ख्या गटाचं वजन करायला जातात, ते साफ चुकीचं. टर्ट-ब्युटाइल (एका कार्बनवर तीन सीएच-थ्री) कितीही जड असो, सीएच-टू-ओएच त्याच्या वरच लागतो, कारण तिथे ऑक्सिजन आहे.

आता पांढरी टूथपिक डोळ्यांपासून लांब ठेवून लाल, निळा, हिरवा असं बोट फिरवा. घड्याळाच्या दिशेने गेलं तर आर, उलट गेलं तर एस. कागदावर हायड्रोजन तुमच्याकडे रोखलेला असेल तर आलेलं उत्तर उलटं करा.

एवढं जमलं की ऊर्जेचा आलेख काढा, कारण खरी मजा तिथे आहे. आर आणि एस यांची ऊर्जा अगदी सारखी. लॅक्टिक आम्ल पायरुव्हिक आम्लापासून बनवता येतं, आणि पायरुव्हिक आम्लातला कीटोनचा (सी-डबल-बॉण्ड-ओचा) कार्बन सपाट असतो. हायड्रोजन देणारं सोडियम बोरोहायड्राइड त्याच्यावर वरून येवो की खालून, ऊर्जेचा चढ तेवढाच. म्हणून आर आणि एस निम्मं-निम्मं मिळतं. हेच काम आपल्या स्नायूंत लॅक्टेट डीहायड्रोजिनेज हे एंझाइम करतं, तेव्हा मात्र फक्त एस बनतं. एंझाइम स्वतःच कायरल, म्हणजे आपल्या आरशातल्या प्रतिमेवर न बसणारं, त्यामुळे त्याच्या खाचेत दोन वाटांचे चढ वेगळे होतात. आलेखात दोन टेकड्या काढा, एक बुटकी, एक उंच. २५ अंश सेल्सिअसला उंचीत फक्त ५.७ किलोज्यूल प्रति मोल फरक असला, तरी बुटकीवरून दहापट वेगाने माल जातो. दोन्ही टेकड्यांचा पायथा मात्र एकाच पातळीवर काढा. परीक्षेत गुण तिथेच जातात.

नाकातले वास ओळखणारे ग्राहीही कायरलच, म्हणून आर आणि एसचा वास वेगळा येऊ शकतो. जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात तर पुदिन्याची जुडी आणि थोडा बाळंतशेपा आणा, दोन्ही चुरडून हुंगा. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात आर-कार्व्होन हा वासाचा रेणू असतो, शेप्याच्या बियांत एस. मग कार्व्होनचं मॉडेल करून आर-एस स्वतः ठरवा. मधल्या कार्बनला चिकटलेले रिंगमधले दोन सीएच-टू सारखेच दिसतील. ज्याच्या पुढे सी-डबल-बॉण्ड-ओ आहे, तो वरचा.