कोथरूडमध्ये भाड्याचा फ्लॅट दाखवताना परिसराची माहिती कशी द्यावी

भाडे, अनामत रक्कम आणि फ्लॅटचे क्षेत्रफळ ग्राहकाने मोबाइलवर आधीच पाहिलेले असते. त्या घरात राहायला आल्यावर आपला दिवस कसा जाईल, हे मात्र त्याला तिथे कळत नाही आणि आपल्या कार्यालयात तो नेमके तेच जाणून घ्यायला येतो. म्हणून भाड्याचे व्यवहार पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने आपला भाग पायी फिरून माहीत करून घ्यावा.

सुरुवात येण्याजाण्यापासून करावी. आपल्या यादीतील प्रत्येक सोसायटीच्या फाटकापासून वनाझ, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनी यांपैकी जवळच्या मेट्रो स्थानकापर्यंत स्वतः चालत जावे आणि लागलेली मिनिटे वहीत लिहून ठेवावीत. नकाशात अंतर दिसते, पण पौड रस्ता ओलांडायला किती थांबावे लागते, रात्री गल्लीत दिवे असतात का, हे चालल्याशिवाय कळत नाही. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा 6 मार्च 2022 रोजी सुरू झाला आणि 2024 च्या मार्चमध्ये हीच मार्गिका रामवाडीपर्यंत पोहोचली. त्यामुळे येरवडा किंवा कल्याणीनगर येथे नोकरी करणाऱ्याला कोथरूडहून गाडी न बदलता जाता येते, आणि स्वारगेट किंवा पिंपरीकडे जायचे असल्यास सिव्हिल कोर्ट स्थानकात गाडी बदलावी लागते. हिंजवडीला जाणाऱ्याची गरज निराळी असते. त्याला चांदणी चौकातून बाह्यवळण महामार्ग गाठायचा असल्याने डहाणूकर कॉलनीऐवजी भुसारी कॉलनीतील घर आधी दाखवावे. चांदणी चौकातील नवा उड्डाणपूल 2023 च्या ऑगस्टमध्ये खुला झाला असला, तरी पुढच्या रस्त्यावरील कोंडीबद्दल बोलण्यापूर्वी कर्मचाऱ्याने एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो प्रवास स्वतः करून पाहावा.

पाण्याविषयी ग्राहक सहसा उशिरा विचारतो. आपण ते आधी सांगावे. पुण्यात दुरुस्तीसाठी महापालिका अनेकदा गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येते. अशा दिवशी सोसायटीच्या टाकीतील पाणी पुरते का, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याचा खर्च भाडेकरूवर पडतो का, हे वॉचमनला आणि सेक्रेटरींना विचारून ठेवावे. माझ्या मते या एका उत्तराने जितका विश्वास बसतो, तितका सजवलेल्या स्वयंपाकघराच्या छायाचित्रांनी बसत नाही.

सगळी माहिती सगळ्यांना सांगू नये. एमआयटी किंवा कमिन्स महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना घरगुती डबा, खानावळ आणि अभ्यासिका कुठे आहे हे हवे असते. अविवाहितांना घर देण्याबाबत सोसायटीचे म्हणणे काय आहे, हे घर दाखवण्यापूर्वीच विचारून घ्यावे, म्हणजे त्यांची फेरी वाया जात नाही. आईवडिलांना सोबत आणणाऱ्या कुटुंबाला लिफ्ट, भाजी मंडई, दवाखाना आणि सकाळी फिरण्यासाठी एआरएआय टेकडीचा रस्ता दाखवावा. नाटकाची आवड असेल, तर यशवंतराव चव्हाण नाट्यगृह किती जवळ आहे हेही आवर्जून सांगावे.

उणीवही लपवू नये. शेजारी मंगल कार्यालय असेल किंवा गणेशोत्सवात फाटकासमोरच मांडव पडत असेल, तर ते स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास घर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दाखवावे. आवाजाचा त्रास राहायला आल्यावर कळला, तर भाडेकरू मुदतीपूर्वीच घर सोडतो आणि मालक आपल्यालाच विचारतो. मात्र परिसराची माहिती देणे म्हणजे शेजारी कोणत्या जातीधर्माचे आहेत हे सांगणे नव्हे. असा प्रश्न आला, तर उत्तर देण्याचे नम्रपणे नाकारावे आणि बोलणे अंतर, सोयी व सोसायटीचे नियम यांवर आणावे.

ही वही जुनी होऊ देऊ नये. रस्ता खोदला जातो, बसथांबा हलतो, खानावळ बंद पडते. भाडेकरू राहायला आल्यानंतर महिनाभराने त्याला फोन करावा आणि आपण सांगितलेल्यापैकी काय चुकीचे निघाले, हे विचारून त्याच दिवशी वहीत दुरुस्ती करावी.