लिनक्स लॅपटॉपवर डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाहीये? मग हे करून बघा

आईबाबांच्या लग्नाची कॅसेट मागे डीव्हीडीवर करून घेतली होती, ती परवा उबुंटूवाल्या (उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार) जुन्या लॅपटॉपमधे टाकली तर काहीच होईना, फाइल मॅनेजरमधे नाव नाही की फिरल्याचा आवाज नाही. अशा वेळी लगेच विंडोज टाकायला धावू नका. ड्राइव्ह सापडत नाही आणि डिस्क वाचली जात नाही ही दोन वेगळी दुखणी आहेत, आधी आपलं कुठलं ते ओळखा.

टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडा, एल एस बी एल के ही पाच अक्षरं स्मॉलमधे सलग टाईप करा आणि एंटर मारा. यादीत एसआर झिरो (लिनक्सने डीव्हीडी ड्राइव्हला दिलेलं नाव) आणि टाईपच्या रकान्यात रॉम दिसलं म्हणजे ड्राइव्ह सापडलाय, आत डिस्क नसली तरी ही ओळ येते.

ओळच नसेल तर रीस्टार्ट करून बायोसमधे, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर बघा. तिथेही ड्राइव्ह नसेल तर लिनक्सचा दोष नाही, बहुतेकदा कनेक्शनचा किंवा ड्राइव्हचाच आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. बऱ्याच जुन्या मॉडेलमधे खालच्या बाजूचा एकच स्क्रू काढला की ड्राइव्ह बाजूने सरकत बाहेर येतो. माझा तो स्क्रूच गायब होता आणि ड्राइव्ह नखाएवढा बाहेर सरकला होता, पूर्ण आत दाबल्यावर टक्क आवाज आला आणि एसआर झिरो हजर!

बायोसमधे आहे पण लिनक्समधे नाही, असं असेल तर पुढे सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा शब्द) लावून मोडप्रोब एसआर अंडरस्कोर मॉड (sudo modprobe sr_mod) ही कमांड द्या, ती ड्राइव्हचा ड्रायव्हर चालू करते. यूएसबीवाला बाहेरचा ड्राइव्ह असेल तर हबमधे न लावता थेट लॅपटॉपला लावा, केबलला दोन पिना असतील तर दोन्ही लावा, त्याला करंट कमी पडतो.

आता ड्राइव्ह दिसतोय पण डिस्क उघडत नाही. सुडो डीमेसेज (sudo dmesg, सिस्टिमचे संदेश दाखवणारी कमांड) चालवून शेवटच्या ओळी वाचा, एसआर झिरोपुढे आयओ एरर (वाचताना आलेली चूक) असेल तर बहुतेकदा डिस्कवर चरे आहेत किंवा लेन्स मळलीये. लॅपटॉपच्या ट्रेवरच ती छोटी काचेसारखी लेन्स दिसते, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन अगदी हलक्या हाताने पुसा, दाबू नका, नीट वाळू द्या. ऑडिओ सीडी माउंट होत नाही (फोल्डरसारखी उघडत नाही) म्हणून घाबरू नका, तिच्यावर फाइल सिस्टिमच नसते, ती व्हीएलसी या प्लेअरमधे थेट वाजवा. आणि घरच्या रेकॉर्डरवर केलेली डीव्हीडी फायनलाइज (रेकॉर्डिंग संपवून डिस्क बंद करणं) केलेली नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमधे बहुतेक वेळा उघडत नाही, ज्या मशीनवर केली तिथेच ते करून आणावं लागतं.

एकदा का डिस्क वाचली गेली की त्याच बैठकीत डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने तिची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) काढून ठेवा (उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे), सेक्टर साइज 2048 द्या. चरे पडलेला भाग तो बाजूला ठेवतो, आधी चांगला भाग उतरवतो आणि मग राहिलेल्यासाठी परत परत प्रयत्न करतो.