होड्या रंगवायला निघण्याआधी

वरळी कोळीवाड्याच्या होड्यांचं चित्र मोकळ्या हाताने रंगवायचं तर आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा जुना हिशोब मुंबईच्या किनाऱ्यावर अजून चालतो. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या आसपास. तेव्हा होड्या चिखलात कलंडलेल्या असतात आणि ओल्या चिखलात आभाळ उतरलेलं असतं. सातलाच जागा धरा.

लोकलमध्ये काखेत मावेल असा १२ बाय १६ इंचांचा बोर्ड पुरे. आदल्या रात्री त्याला बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, पातळ हात द्या. पांढऱ्या बोर्डावर फटक्यांच्या मध्ये राहिलेल्या फटी बोचतात. खाली तांबूस असलं की त्याच फटींचं ऊन होतं. ब्रश दोनच, एक इंची फ्लॅट आणि त्याच्या निम्मा. बारीक ब्रश पिशवीत ठेवूच नका. तो असला की हात सी लिंकच्या तारा मोजत बसतो.

खरी तयारी रंगांची. अ‍ॅक्रिलिकच्या पाच ट्यूब घ्या: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना, यलो ऑकर (मातकट पिवळा), एक लाल आणि पांढरा. काळा नको. अल्ट्रामरीन आणि सिएना मिळून जो करडा होतो तो जिवंत असतो. निळा वाढवला की चिखलातली सावली, सिएना वाढवला की होडीचं जुनं लाकूड. पण पूर्ण घोटू नका. रंग मिसळायची पॅलेट नाइफ दोनतीनदा फिरवा आणि थांबा, म्हणजे एकाच फटक्यात निळी रेघ आणि तांबडी रेघ शेजारी उतरतात. चिंचोक्याएवढा रंग काढलात तर ब्रश खरवडतो. लिंबाएवढा काढा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, म्हणून छटा थोडी उजळच ठेवा. वाऱ्याने रंग धरू लागतो. पाण्याचा स्प्रे हाताशी हवा.

फोनवर ४० मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की थांबा. मागच्या हिवाळ्यात माझी एक होडी तीन फटक्यांत उभी राहिली होती. नंतरच्या दहा फटक्यांनी ती मेली, आणि मला अजून तिची हळहळ वाटते.

बसण्याआधी तिथल्या मावशींना विचारा, वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका. घट्ट झाकणाची बरणी न्या. ब्रश धुतलेलं पाणी म्हणजे पातळ प्लास्टिकच, ते खाडीत न ओतता घरी आणा.