गोदाम जिन्याच्या मागे आहे, हे स्पॅनिशमध्ये कसं सांगायचं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात स्पॅनिश बोलणारे खरेदीदार येतात. माग चालू असताना कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, तिथे खाणाखुणांवर भागतं. अडतं ते पुढे, गोदाम कुठे आणि बाथरूम कुठे हे सांगताना.

सुरुवात 'आय' आणि 'एस्ता'पासून करा. आपण दोन्हीकडे 'आहे' म्हणतो, ते मात्र वेगळं काढतात. इथे जिने आहेत, एवढंच कळवायचं तर 'आय दोस एस्कालेरास'. जिना एक असो की दोन, 'आय' तसंच राहतं. ठराविक वस्तूची जागा सांगायची असेल तर 'एस्ता', आणि वस्तू अनेक असल्या तर 'एस्तान'. मीटिंगचं मात्र वेगळंच: 'ला रेउनियोन एस एन ला ओफिसिना'. कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना 'एस' येतं; हा नियम सगळेच विसरतात, तुम्ही विसरू नका.

आता जागा. आपलं 'च्या मागे' शब्दानंतर येतं, त्यांचं 'देत्रास दे' आधी: 'एल आल्मासेन एस्ता देत्रास दे ला एस्कालेरा', म्हणजे गोदाम जिन्याच्या मागे. त्यांच्या नामाआधी 'एल' किंवा 'ला' हा छोटा शब्द लागतो; पुढच्या नामाला 'एल' लागत असला की 'दे एल'चं 'देल' करायचं. लिफ्टच्या मागे, 'देत्रास देल आसेन्सोर'. याच साच्यात बाकीचे बसवा: शेजारी 'आल लादो दे', वर 'एन्सिमा दे', खाली 'देबाखो दे'. दोघांच्या मध्ये 'एन्त्रे', त्याला 'दे' लागत नाही. पाठांतरापेक्षा हे बरं: जेवायच्या सुट्टीत डबा, तांब्या, शेंगाचटणीची बाटली हलवत राहायचं आणि तोंडाने म्हणत जायचं.

मजल्यांपाशी जपून. स्पेनमध्ये तळमजला 'प्लान्ता बाखा', त्यावरचा 'प्रिमेर पिसो', आपल्यासारखंच. पण कोलंबिया, पेरू, चिलीकडे 'प्रिमेर पिसो' म्हणजे बहुधा तळमजलाच. माणूस पॅकिंग विभाग शोधत खालीच फिरत बसेल. म्हणून मी आकडा सांगून बोट वर करतो आणि 'आरीबा' म्हणतो.

बाथरूम विचारलं की स्पेनमध्ये सगळीकडे ठरलेलं उत्तर मिळतं, 'आल फोन्दो आ ला देरेचा', शेवटी उजवीकडे. आमचं डावीकडे आहे, तेव्हा शेवटचा शब्द 'इस्क्येर्दा' करून घ्यायचा.